डबा खाली टेकवायचा नाही

पहिला ठोसा डाव्या कानशिलावर बसला तेव्हा डीकन दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मधल्या वळणावर होता, आणि त्याचे दोन्ही हात डब्याच्या कड्यांत अडकलेले होते.

"या सासरेबुवा," वरच्या पायरीवरून जावई म्हणाला. "लेकीने गायलं वाटतं रडगाणं? माझ्या छकुलीला न्यायला आलात?"

"तुझ्या आईला भाकर द्यायला आलोय. बाजूला हो."

दुसरा ठोसा नाकावर. डीकनच्या डोळ्यांपुढे काजवे चमकले. नाकातून रक्ताची धार लागली तशी त्याने मान वाकडी केली; रक्त शर्टावर सांडू दिलं, डब्याच्या झाकणावर सांडू दिलं नाही. मग तो पुढची पायरी चढला.

आता हा डीकन म्हणजे काही मेणाचा पुतळा नव्हे, बरं का. सव्वीस वर्षं कत्तलखान्यात घण चालवलेला माणूस. ओल्या फरशीवर गुडघ्यापर्यंत रबरी बूट चढवून उभा राहायचा, समोर जनावर आलं की दोन डोळ्यांच्या मधोमध, बोटभर वर, एकच घाव. दुसरा घाव घालायची वेळ आली तर त्याला त्या दिवशी जेवण जायचं नाही. कामावरचे लोक त्याला नावाने हाक मारत नसत, 'घण' म्हणत. विशीत असताना एकदा भांडणात त्याने एका माणसाचा जबडा मोडला होता. पुढे दोन महिने तो माणूस नळीने जेवला. तेव्हापासून आजतागायत त्याने माणसावर हात टाकला नव्हता. पण हात ते हातच. त्यातला एक जरी मोकळा झाला असता तरी जावई जिना न उतरता तळमजल्यावर पोचला असता.

पण हातांत डबा होता.

त्यांच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, पाळक उपदेश करायचा, वडीलधारे निर्णय घ्यायचे आणि डीकन वाढायचा, उचलायचा, पोचवायचा. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी उपासना संपली की, येशूच्या आठवणीने सगळे वाटून घेतात त्या प्रभुभोजनाच्या टेबलावरची उरलेली भाकर आणि द्राक्षरसाची बाटली पत्र्याच्या चौकोनी डब्यात भरायची आणि जे अंथरुणाला खिळलेत त्यांच्या घरी न्यायची. ज्या म्हाताऱ्या डीकनने हे काम त्याच्याकडे सोपवलं, त्याचे नियम दोनच. पहिला, टेबलापासून अंथरुणापर्यंत डबा कुठेही खाली टेकवायचा नाही. कड्या दोन आहेत, हात दोन आहेत, हिशेब संपला.

"का पण?" तेव्हा याने विचारलं होतं.

"अरे, खाली ठेवलास की गप्पा मारशील. गप्पा मारल्यास की चहा पिशील. आणि तिकडे कोणीतरी म्हातारी सकाळपासून दाराकडे डोळे लावून बसलेली असेल." म्हातारा मिस्कील हसला होता. "आणि तुझ्यासारख्याचे हात भरलेले असलेले बरे."

दुसरा नियम असा, की सगळ्यांचं झाल्याशिवाय डीकनने आपला घास घ्यायचा नाही. यादीतल्या शेवटच्या माणसाने खाल्लं की मग त्याने. तोवर उपाशी.

एकोणीस वर्षं त्याने हे दोन्ही नियम पाळले होते. यादीत सात घरं. सातवं घर या चौथ्या मजल्यावरचं. इथे जावयाची आई, म्हणजे डीकनची विहीण, कमरेपासून खाली लुळी होऊन अकरा वर्षं पडून होती.

आणि इथेच तर त्याची चूक झाली होती. अशी चूक, जी डीकनच करू जाणे.

महिन्यातून एकदा अर्धा तास तो या घरात यायचा. यायचा तेव्हा खोली झाडलेली, चादर कडक धुतलेली, म्हातारीचे केस विंचरलेले. टायरच्या दुकानात राबणारा तिचा एकुलता एक मुलगा हात धुऊन, मान खाली घालून दाराशी उभा. आईच्या गोळ्या वेळेवर देणारा, तिला उचलून बसवणारा, पाठीला पावडर लावणारा. डीकनला वाटलं, वा! आईची एवढी सेवा करणारा पोरगा बायकोला फुलासारखी जपेल. त्याने स्वतः शब्द टाकला, स्वतः लग्न जमवलं. दिसतं तसं नसतं म्हणून जग फसतं, हे त्याला कळायला हवं होतं. महिन्याच्या पहिल्या रविवारी कुठलं घर नीटनेटकं नसतं?

वर्षभराने लेक एकदा माहेरी आली होती. बाही वर करून तिने दंडावरचे वळ दाखवले. आणि या शहाण्याने काय सांगावं? "थोडं सोसून घे, पोरी. प्रार्थना कर. मनाने वाईट नाही तो. आईचं किती करतो बघ!" लेकीने बाही खाली घेतली. पुन्हा ती कधी काही बोलली नाही.

आज पहाटे तीच लेक अनवाणी दारात उभी होती. एक मनगट मोडलेलं, कानातून रक्त, ओठ फाटलेला. सात महिन्यांची पोर नवऱ्याने काढून घेतली होती आणि हिला जिन्यावरून ढकलून दिलं होतं. "बाबा, माझी छकुली तिथेच आहे," एवढंच ती बोलत होती. दवाखान्यात मनगटाला प्लास्टर घातलं. डॉक्टरने पोलिसांना कळवलं. पोलीस म्हणाले, जबाब घ्यायला संध्याकाळी येतो. संध्याकाळपर्यंत काय काय होऊ शकतं हे लेकीच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

उपासना संपल्यावर पाळकाने त्याला बाजूला घेतलं. "आज सातव्या घरी मी जातो. तू नको जाऊस."

"यादी माझी आहे."

"तुझ्या मनात काय आहे?"

डीकन खोटं बोलत नसे. "आधी म्हातारीला भाकर," तो म्हणाला, "मग पोरीला बाहेर काढायचं. मग तो."

"तो म्हणजे?"

डीकनने डब्याच्या कड्या धरल्या आणि निघाला. सहा घरं त्याने शांतपणे केली. प्रत्येक घरी भाकर मोडताना त्याला दोन डोळ्यांच्या मधली ती जागा दिसत होती. त्याला स्वतःचीच किळस आली, पण दिसायची ती दिसतच राहिली. लेक आणि बायको, नको नको म्हटलं तरी, मागोमाग येऊन खाली रस्त्याच्या कडेला उभ्या राहिल्या होत्या.

तर आता तिसरा मजला. शिवणकाम करणाऱ्या बाईचं दार बोटभर उघडलं, फटीत एक डोळा दिसला आणि दार पुन्हा लागलं. जावई दोन पायऱ्या मागे सरकत वर जात होता आणि थांबून थांबून मारत होता. त्याच्या हातात आता टायर काढायची लोखंडी टॉमी आली होती. पहिला फटका खांद्यावर बसला. हाडाचा आवाज आला. डाव्या हाताच्या बोटांना मुंग्या आल्या तशी डीकनने कडी मनगटापर्यंत सरकवली आणि डबा छातीशी घेतला.

"टाक ना तो डबा!" जावई ओरडला. "मर्द असशील तर टाक आणि ये! गावभर सांगत फिरतोस, घण म्हणे! कुठे गेला तुझा घण?"

"तुझ्या आईला भाकर द्यायचीय," डीकन म्हणाला. तोंडात काहीतरी खडा लागला. जिभेने चाचपलं तर दात. थुंकायला हात तोंडाशी न्यावा लागला असता, म्हणून त्याने तो गालात धरला आणि चढत राहिला. बरगडीवर एक, मांडीवर एक. हात नुसते शिवशिवत नव्हते, जळत होते. मार खाणं त्याला जड नव्हतं. एका घावाचं काम आहे हे माहीत असून चढत राहणं जड होतं.

चौथा मजला. दार सताड उघडं. खोलीत उलथलेली खुर्ची, फुटलेली बशी, आणि भिंतीलगतच्या पलंगावर म्हातारी. आपली ओढणी पोरीच्या कमरेला आणि स्वतःच्या मनगटाला गाठ मारून तिने छकुलीला शेजारी बांधून ठेवलं होतं. पाय लुळे पडलेली बाई आणखी काय करणार? पोर मूठ चोखत झोपली होती.

डीकनने डबा पलंगावर ठेवला. टेबलापासून अंथरुणापर्यंत. कड्यांतून बोटं सुटली तेव्हा ती सरळ होईनात.

"अगं बाई! काय केलंन हे तुमचं," म्हातारी पुटपुटली.

"आधी भाकर, विहीणबाई."

त्याने शर्टाच्या कोऱ्या भागाला हात पुसले, भाकर मोडली आणि तिच्या ओठांशी नेली. मग इवल्याशा पेल्यात रस ओतून पाजला. आणि गंमत बघा, दाराशी टॉमी घेतलेला जावई, घामाने निथळणारा, तोही मान खाली घालून उभा राहिला. अकरा वर्षांची सवय. आईने घोट गिळेपर्यंत तो तसाच उभा होता. मग मान वर करून म्हणाला, "झालं?"

झालं होतं. डीकनचे हात मोकळे झाले होते.

तो वळला. जावयालाही ते कळलं. त्याने टॉमी दोन्ही हातांनी धरली, पण पाऊल मात्र मागे पडलं. डीकनच्या नजरेत त्याच्या कपाळावरची ती जागा भरली. दोन डोळ्यांच्या मधोमध, बोटभर वर.

"डीकन," मागून म्हातारी म्हणाली. "इकडे बघा. माझ्या मनगटाची ही गाठ सोडा."

"थांबा जरा."

"नाही थांबत. अकरा वर्षं थांबलेच आहे. हा तुमच्या लेकीला मारायचा तेव्हा मी भिंतीकडे तोंड करून पडायची. का, तर गोळ्या देणारा हात होता ना तो! हागणं-मुतणं काढणारा हात! तुम्ही महिन्याच्या महिन्याला यायचात, विचारायचात, सगळं ठीक ना? मी म्हणायची, ठीक. माझंही पाप आहे यात. सोडा गाठ."

डीकनने गाठ सोडली. बोटं सुजलेली, दातांनी सोडावी लागली. म्हातारीने झोपलेली पोर उचलली आणि त्याच्या दोन्ही हातांत दिली.

"आता हिला न्या," ती म्हणाली. "आणि डब्याला लावता तोच नियम हिला लावा. वाटेत कुठेही खाली टेकवायचं नाही."

बाईने त्याचे हात पुन्हा भरून टाकले होते.

"माझी पोर आहे ती!" जावई दारात आडवा झाला.

"मग मार," म्हातारी ओरडली. "मार ना! तुझीच पोर आहे त्याच्या हातात, हाण त्या टॉमीने!"

जावयाने टॉमी उगारली, पण खाली आणली नाही. डीकन त्याला खांद्याने सारून बाहेर पडला. पाठ दिसल्यावर मात्र फटका बसलाच. पाठीला डोळे नसतात आणि मारणाऱ्याला लाजही वाटत नाही. डीकनने पोरीवर अख्खं अंग वाकवलं आणि तसाच उतरत गेला. पाठीवर एक, कमरेवर एक. पोर जागी होऊन रडू लागली. तिसऱ्या मजल्यावर शिवणवाल्या बाईचं दार या वेळी पूर्ण उघडं होतं. बाई मोठी कात्री घेऊन मधोमध उभी होती.

"बास झालं," ती जावयाला म्हणाली. "मगाशी दार लावलं मी. आता नाही लावणार. एक पायरी खाली उतरून दाखव."

जावई थांबला, शिव्या देत माघारी वर गेला.

खाली लेकीने प्लास्टर घातलेल्या हातानेच पोरीला ओढून घेतलं, तिची बोटं मोजली, पाय मोजले आणि तिथेच फुटपाथवर बसून हमसून हमसून रडू लागली. बायकोने नवऱ्याचं तोंड पदराने पुसायला घेतलं आणि मध्येच थबकली.

"अहो, डबा कुठाय?"

डीकनने हातांकडे बघितलं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा डबा मागे राहिला होता.

तेवढ्यात वरून आवाज आला. पत्र्यावर लोखंड बसल्याचा. मग पुन्हा. मग एक किंकाळी.

"जाऊ नका," बायको म्हणाली. "तुमचे हात रिकामे आहेत. अहो, ऐका माझं, मी ओळखते तुम्हाला!"

तो ऐकायला थांबला नाही. मघाशी ज्या जिन्याने जीव काढला होता तोच जिना तो दोन-दोन पायऱ्यांनी चढला. खोलीत शिरला तर म्हातारी पलंगावर अर्धी बसलेली, कपाळ फुटलेलं, एक डोळा मिटलेला, आणि डबा तिने दोन्ही हातांनी पोटाशी आवळून धरलेला. झाकणाला दोन खोल खड्डे. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं भलत्याच बाजूला वळलेली.

"सोडतच नाही," जावई धापा टाकत म्हणाला, जणू तक्रार करत होता. "फेकून देणार होतो. सोडतच नाही ही!"

डीकनने एका हाताने त्याला गळ्याला धरून भिंतीला लावलं. टॉमी खाली पडली, खणखणली. उजवी मूठ वर गेली. कपाळावरची ती जागा समोर होती, एका हाताच्या अंतरावर, घामाने चकाकत. जावयाच्या डोळ्यांत त्याला जे दिसलं ते त्याने सव्वीस वर्षं रोज बघितलं होतं. रांगेत सर्वांत पुढे आलेल्या जनावराच्या डोळ्यांत तेच असतं.

"डीकन," म्हातारी म्हणाली. आवाज अगदी बारीक. "टेकवला नाही हो मी. पण आता बोटांत ताकद नाही. पडेल. धरा."

मूठ वरच राहिली.

"डीकन, पडतोय डबा."

किती वेळ गेला कोण जाणे. शिवणवाली बाई मागून आली होती. ती पुढे सांगायची, मी श्वास धरून होते आणि घुसमटायला लागले, एवढा वेळ. मग डीकनची बोटं एकेक करून उघडली. त्याने जावयाचा गळा सोडला. जावई भिंतीवरून घसरत खाली बसला आणि दोन्ही हातांनी डोकं झाकून घेतलं.

डीकन पलंगाशी गेला. त्याने डबा घेतला नाही. डब्यासकट म्हातारीलाच उचललं. एक हात गुडघ्यांखाली, एक पाठीखाली. तुटल्या खांद्यातून कळ मस्तकात गेली, तरी उचललं.

"आई," जमिनीवरून जावई म्हणाला. आवाज लहान मुलासारखा झाला होता. "आई, दुपारची गोळी राहिलीय तुझी."

म्हातारीने तोंड फिरवलं नाही. त्याच्याकडे नीट बघितलं, एका डोळ्याने. तिला रडू फुटलं. "हो रे," ती म्हणाली. "राहिलीय." आणि डीकनच्या छातीवर दोनदा टकटक केली. चला.

शिवणवाली बाई पोलिसांना फोन करत पुढे उतरून गेली. मधल्या वळणावर, मघाशी पहिला ठोसा बसला होता तिथे, डीकन दम घ्यायला भिंतीला टेकला. पायऱ्यांवरचं त्याचंच रक्त अजून ओलं होतं.

"तुमचा घास राहिलाय," म्हातारी म्हणाली.

"घरी गेल्यावर बघू."

"घरी कशाला? शेवटच्या माणसाने खाल्लं की डीकनने खायचं. माझं मघाशीच झालं."

"हात मोकळे नाहीत, विहीणबाई."

"ते बरंच आहे," ती म्हणाली. "तोंड तर मोकळं आहे ना? उघडा."

चेपलेलं झाकण निघेना. तिने डाव्या हाताच्या अंगठ्याने कोपऱ्यातून ते उचकटलं. आत कापडात एकच तुकडा उरला होता. तो तिने त्याच हाताने त्याच्या फुटलेल्या ओठांत घातला. डीकनने गालातला दात जिभेने एका बाजूला सारला आणि दुसऱ्या बाजूने हळूहळू चावलं. तो रडत होता आणि डोळे पुसायला त्याच्याकडे हात नव्हता. म्हातारीनेच बाहीने पुसले.

"सावकाश," ती म्हणाली. "घाई नाही."

तिने झाकण जमेल तसं लावलं आणि डबा पुन्हा पोटाशी धरला. डीकनने घास गिळला, पायाने पुढची पायरी चाचपली आणि तो उतरू लागला.